चाव्याच्या जोराची मोजणी: कोकणातल्या दवाखान्यासाठी तयारीची यादी

दात सरळ करण्यासाठी तारेचे उपचार घेणाऱ्या मुलांच्या चाव्याची उपचाराआधी आणि नंतर मोजणी करण्यासाठी ही यादी आहे. सर्वप्रथम आपल्याला रुग्णाच्या चाव्याचा एकूण जोर मोजायचा आहे, की तो जोर कोणत्या दातांवर किती पडतो हे पाहायचे आहे, ते लिहून ठेवावे. टी-स्कॅन या संगणकाला जोडलेल्या यंत्राचा, दातांमध्ये धरायचा पातळ सेन्सर प्रत्येक दातावरचा वाटा टक्क्यांत दाखवतो, न्यूटन या जोराच्या एककात नाही. न्यूटनमधला आकडा हवा असेल तर चाव्याचा गेज (जोर मोजणारे उपकरण) किंवा दाबाने रंगणारी फिल्म वेगळी मागवावी लागते. टक्क्यांची बेरीज नेहमी 100 होते, हे तक्ता भरताना हमखास विसरले जाते. ओपन बाइट असलेल्या मुलाचे पुढचे दात एकमेकांना टेकतच नाहीत, त्यामुळे दाढांचा वाटा आपोआप फुगतो, पण त्यावरून त्याच्या दाढा इतरांपेक्षा जोरात चावतात असे म्हणता येत नाही. दातांच्या ठेवणीप्रमाणे पाडलेल्या गटांची तुलना करायची असेल तर दोन्ही मोजण्या घ्याव्यात, असे माझे मत आहे.

गट पाडण्यासाठी दंततज्ज्ञ एडवर्ड अँगल यांचे 1899 चे वर्गीकरण (वर्ग एक, दोन, तीन) आजही सोयीचे आहे, मात्र ते पहिल्या कायम दाढांचे मागेपुढे असणे एवढेच पाहते. डीप बाइट (वरचे पुढचे दात खालच्यांना जास्त झाकतात), ओपन बाइट आणि क्रॉसबाइट (वरचे दात खालच्यांच्या आत बसतात) यांचे रकाने स्वतंत्र ठेवावेत. हलणारे दुधाचे दात, किडलेली दाढ किंवा जबड्याच्या सांध्याचे दुखणे असलेल्या रुग्णांना आधीच वगळावे. सेपरेटर (दाढांमध्ये फट पाडणारी छोटी कडी) घातल्यावर किंवा तार बदलल्यावर काही दिवस दात ठणकतात आणि ठणकत्या दातावर कोणी मनापासून चावत नाही, म्हणून पहिली मोजणी सेपरेटरच्या आधीच उरकावी. अभ्यास म्हणून नोंदी घ्यायच्या असतील तर नैतिकता समितीची मंजुरी, पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, हे तिन्ही कागद पहिल्या रुग्णाच्या आधी फाइलमध्ये हवेत.

तारखा देताना पंचांग आणि पाऊस दोन्ही पाहावेत. गणपतीच्या दिवसांत दापोली-गुहागरकडच्या गावांतून कोणी येणार नाही, आणि आलेच तर घरी चाकरमानी आलेले असल्याने बसायला सवड नसेल. रंगणाऱ्या फिल्मवर तापमानाचा आणि दमटपणाचा परिणाम होतो, म्हणून आषाढ-श्रावणात तिचे पाकीट ऐनवेळीच फोडावे आणि सगळ्या गटांची मोजणी त्याच एसीच्या खोलीत करावी. एक गट मे महिन्यात आणि दुसरा जुलैत असे झाले तर फरक दातांचा की हवेचा, हे सांगता येणार नाही. लॅपटॉपला यूपीएस असावा, कारण वीज जाते ती नेमकी अर्ध्या नोंदीत.

खुर्ची सरळ करून रुग्णाला पाय टेकवून ताठ बसवावे आणि डोके मागे रेलू देऊ नये, कारण मान मागे गेली की दात टेकण्याची जागाही बदलते. वरच्या पटाशीच्या मधल्या दाताची रुंदी कॅलिपरने मोजून सॉफ्टवेअरमध्ये भरावी, म्हणजे पडद्यावरची दातांची कमान त्या रुग्णाच्या कमानीशी जुळते. सेन्सर प्रत्येक रुग्णाला नवा घ्यावा. तो ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या निर्जंतुकीकरण यंत्रात) टिकत नाही. नवा सेन्सर थोडा ताठर असतो, त्यामुळे पहिले दोन-तीन चावे नोंदीत धरू नयेत. पूर्ण जोरात चावल्यावर पडद्यावर सर्वाधिक जोर दाखवणारे गुलाबी ठिपके एक-दोनच दिसतील इतकी संवेदनक्षमता ठेवावी. सगळी कमान गुलाबी झाली तर दातादातांतला फरकच दिसत नाही.

सूचना मुलाच्या भाषेत द्यावी: "मागच्या दाढांवर घट्ट चाव, सोडू नकोस, आता उघड." वर्ग दोनच्या, वरचे दात पुढे आलेल्या मुलांकडे विशेष लक्ष द्यावे. तोंडासमोर सेन्सरचा दांडा आला की त्यांचा खालचा जबडा नकळत पुढे सरकतो आणि पडद्यावरचे जोराचे केंद्र दाढांकडून एकदम पटाशीकडे उडी मारते. तसे दिसले तर ती नोंद रद्द करावी, सेन्सरशिवाय दोन-तीनदा चावायला सांगावे आणि मग पुन्हा घ्यावी. क्रॉसबाइटमध्ये काही जण आधी एका दातावर टेकून मग जबडा बाजूला सरकवतात, म्हणून शेवटचे चित्र ठेवून न थांबता पहिल्या स्पर्शापासूनची पूर्ण नोंद जपावी.

स्वीकारार्ह असे तीन चावे मिळाले की थांबावे, कारण त्यापुढे मुले कंटाळतात आणि स्नायूही थकतात. केसपेपरवर सेन्सरचा आकार, ठेवलेली संवेदनक्षमता, दाताची रुंदी, दिवसाची वेळ आणि मोजणी घेणाऱ्याचे नाव लिहावे. उपचार संपल्यावर, म्हणजे बहुधा दीड-दोन वर्षांनी, दुसरी मोजणी याच आकड्यांवर लावून घ्यावी लागेल.