कन्सोल कशाला म्हणायचं? ओळखताना होणाऱ्या या चुका टाळा

‘गेम चालत नाही’ ही तक्रार घेऊन माणूस येतो तेव्हा तो वायर, टीव्ही, कंट्रोलर, चार्जर सगळं तपासून झालेला असतो. थोडी विचारपूस केली की कळतं, बिघाड कुठेच नाही. यंत्र ठणठणीत आहे, पण ज्याला तो कन्सोल समजून बसलाय ते कन्सोल नाही, किंवा हातातला गेम दुसऱ्याच कन्सोलचा आहे. म्हणून दुरुस्तीच्या आधी ओळख पक्की करावी.

माझी ओळखायची पद्धत साधी आहे. यंत्राचं मुख्य काम गेम खेळवणं हे असावं. ते स्वतःच्या बळावर गेम चालवणारं असावं. आणि गेम बनवणाऱ्याला हे यंत्र आधीपासून माहीत असावं, म्हणजे आतले भाग ठरलेले आणि गेम नेमका त्यांच्यासाठी बांधलेला. एखादी अट धूसर झाली तर चालतं. पण तिन्ही सोडून नुसत्या रूपावर गेलात की फसलात.

टीव्हीला जोडलं म्हणजे कन्सोल झालं?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच. कमोडोर ६४ हे १९८२ चं यंत्र टीव्हीला जोडायचे, त्यात गेम साठवलेली डबी, म्हणजे कार्ट्रिजही बसायची आणि मुलं त्यावर गेमच खेळायची. तरी तो घरगुती संगणक. कीबोर्ड होता, बेसिक या संगणकभाषेत प्रोग्रॅम लिहिता यायचे. गंमत पुढे आहे. १९९० मध्ये त्याच कंपनीने तेच आतलं सामान घेतलं, कीबोर्ड काढला आणि ‘कमोडोर ६४ जीएस’ नावाने ते कन्सोल म्हणून विकलं. मग सुरुवातीलाच एखादी कळ दाबायला सांगणारे जुने गेम त्यावर अडकून बसायचे, कारण दाबायला कळच नव्हती!

उलट बाजूही बघा. १९८९ चा गेम बॉय स्वतःच्या पडद्यावर चालतो, तरी तो अस्सल कन्सोल, फक्त हातात धरायचा. २०१७ चा निन्टेन्डो स्विच दोन्हीकडे चालतो, पण २०१९ चा स्विच लाइट टीव्हीला जोडताच येत नाही. त्याच्यासाठी डॉक, म्हणजे टीव्हीला जोडून देणारा स्टँड, शोधत फिरू नका. केबल बदलून काही होणार नाही.

खाच दिसली, पण त्यात जातं काय?

कार्ट्रिजची खाच किंवा डिस्कची फट हा पुरावा नाही. १९७२ ची मॅग्नाव्हॉक्स ओडिसी हे घरोघरी विकलं गेलेलं पहिलं व्हिडिओ गेम कन्सोल. तिच्यात कार्डं घालायची, पण त्या कार्डांत प्रोग्रॅम नसायचा. कार्ड फक्त आतली सर्किटं वेगवेगळ्या रीतीने जोडून द्यायचं. ओडिसीत प्रोसेसर नव्हता, आवाज नव्हता. रंगासाठी टीव्हीच्या काचेवर पारदर्शक चित्रं चिकटवायची आणि गुण खेळणाऱ्यांनीच मोजायचे. १९७५ च्या होम पाँगमध्ये तर बदलायला काहीच नव्हतं, तो एकच खेळ. कार्ट्रिजमध्ये प्रोग्रॅम आणि यंत्रात मायक्रोप्रोसेसर ही जोडी १९७६ मध्ये फेअरचाइल्ड चॅनेल एफने आणली. आणि आता २०२० पासून डिस्कची फट नसलेले प्लेस्टेशन ५ सुद्धा मिळतात. कन्सोलची यादी करताना ‘गेम बदलता येत नाही, म्हणून हे खेळणं’ असं म्हणून होम पाँग वगळणारे मला बरेच भेटलेत. माझ्या मते ते चुकतात.

जोडउपकरणाला कन्सोल समजणं

बाकी सगळं बाजूला काढा, फक्त वीज आणि पडदा द्या. गेम चालतो का? सेगाचं १९९४ चं ३२एक्स हे त्याच कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलच्या डोक्यावर बसतं. त्याला स्वतःचा पॉवर अ‍ॅडॉप्टर लागतो, म्हणून ते स्वतंत्र वाटतं, पण मेगा ड्राइव्हशिवाय ते निकामी. जुन्या सामानात एकटं ३२एक्स सापडलं आणि ‘चालू होत नाही’ असं वाटलं, तर कारण हेच. २०२३ चं प्लेस्टेशन पोर्टलही याच जातीचं. बाजारात आलं तेव्हा ते घरातल्या प्लेस्टेशन ५ वरचं चित्र वाय-फायने आपल्याकडे ओढायचं, स्वतः गेम चालवायचं नाही. तिथे चित्र अडखळलं तर आधी राउटर बघा.

गूगलच्या स्टेडिया या गेम-सेवेचं तर वेगळंच. गेम चालायचे दूरच्या सर्व्हरवर. १८ जानेवारी २०२३ रोजी सेवा बंद झाली आणि मागे कंट्रोलर उरला. खरं कन्सोल कंपनीने वाऱ्यावर सोडलं तरी डिस्क घातली की बहुधा चालतं.

नावावर जाऊ नका

फॅमिकॉम हे ‘फॅमिली कॉम्प्युटर’चं छोटं रूप, तरी १९८३ चं ते यंत्र कन्सोलच. अमेरिकेत १९८५ मध्ये तेच एनईएस या नावाने आलं, पण कार्ट्रिज बदलली: जपानी कार्ट्रिजला ६० पिना, अमेरिकी कार्ट्रिजला ७२. एकीची दुसऱ्यात बसत नाही, जोर लावू नका. तसंच २०२५ चं आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅलाय. हातात धरायच्या या यंत्राच्या नावात एक्सबॉक्स आहे, पण आत संगणकाचं विंडोज आहे. कपाटातल्या एक्सबॉक्सच्या डिस्क त्याच्या काही कामाच्या नाहीत. गेमची पीसी आवृत्ती आहे का, हे आधी बघायचं. आकड्यांचंही तसंच: प्लेस्टेशन ५ वर प्लेस्टेशन ४ चे बहुतेक गेम चालतात, प्लेस्टेशन ३ ची डिस्क चालत नाही.

‘एक कंपनी, एक यंत्र’ हाही नियम नाही. १९९३ चं थ्रीडीओ ही मुळात ठरवून दिलेली रचना होती आणि परवाना घेऊन ती पॅनासॉनिक, सान्यो, गोल्डस्टार अशा कंपन्यांनी बनवली.

‘हजारो गेम आत’ म्हणून मिळणाऱ्या डब्यांत साधारणपणे छोटा संगणक, इम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) आणि एक मेमरी कार्ड असतं. सुरूच होत नसेल तर पहिला संशय कार्डावर घ्या. म्हणून चालू असतानाच कार्डाची प्रत काढून ठेवा.

राहता राहिला २०२२ चा स्टीम डेक. आतले भाग ठरलेले, रूप हँडहेल्डचं, काम गेमचं, म्हणून कित्येकजण त्याला कन्सोल म्हणतात. मी त्याला संगणकच मानतो. आत लिनक्स ही संगणकाची कार्यप्रणाली आहे, डेस्कटॉप उघडतो, आणि त्यावरचे बरेचसे गेम विंडोजसाठी लिहिलेले असून प्रोटॉन नावाच्या सॉफ्टवेअरच्या मदतीने चालतात. हे मानलं की त्रास कमी होतो. गेम उघडताच बंद पडला तर यंत्र परत करायला धावू नका, प्रोटॉनची दुसरी आवृत्ती निवडून बघा. आणि ऑनलाइन गेम फसवणूक रोखणाऱ्या प्रणालीमुळे लिनक्सवर आत घेतच नसेल, तर कुठलंही सेटिंग बदलून उपयोग नाही.