पावसाच्या पाण्यात धातू तपासताय? या चुका टाळा

विमानांमागे दिसणारे पांढरे पट्टे म्हणजे गुपचूप फवारलेली रसायनं, असं मानणारी मंडळी पुरावा म्हणून बहुतेक वेळा एकच कागद पुढे करतात: पावसाच्या पाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल. त्यात ॲल्युमिनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम अशी नावं असतात, समोर आकडे असतात, खाली सही-शिक्का असतो. अहवाल सहसा खोटा नसतो. घोळ होतो तो पाणी गोळा करताना आणि आकडा वाचताना. स्वतः तपासून बघायचं असेल तर जरूर बघा, पण खालच्या चुका केल्यात तर पैसे अक्षरशः पाण्यात जातील.

'सापडलं' म्हणजे 'सिद्ध झालं' असं धरणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबू. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे 8 टक्के ॲल्युमिनियम आहे. ऑक्सिजन आणि सिलिकॉन यांच्यानंतर त्याचाच नंबर लागतो आणि धातूंमध्ये तर तो पहिलाच. चिकणमातीच्या कणाकणात तो असतो. वाऱ्याने उडालेली माती हवेत तरंगते, ढगात पोचते, पावसाबरोबर खाली येते. त्यामुळे पावसात ॲल्युमिनियम सापडणं ही बातमी नाही. सापडलंच नाही, तर मात्र प्रयोगशाळेला फोन करून विचारावं.

हिशेब करून बघा. एक लिटर पाण्यात फक्त एक मिलिग्रॅम माती मिसळली, तर त्यात सुमारे 80 मायक्रोग्रॅम ॲल्युमिनियम आलं. पाच मिलिग्रॅम माती मिसळली तर 400 मायक्रोग्रॅम. पाच मिलिग्रॅम धूळ एक लिटर पाण्यात डोळ्यांना धड दिसतही नाही. युरोपात पिण्याच्या पाण्यासाठी ॲल्युमिनियमची सूचक मर्यादा लिटरला 200 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे नुसत्या धुळीने हा आकडा दुप्पट ओलांडला जाऊ शकतो आणि अहवालावर 'मर्यादेपेक्षा जास्त' असा शेरा येतो. शेरा खरा, त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा.

काही जण याच्याही पुढे जातात आणि तळ्याच्या किंवा टाकीच्या तळाचा गाळच तपासायला देतात. मग किलोला 40,000 मिलिग्रॅम असा आकडा हातात पडतो आणि छाती दडपते. पण 40,000 म्हणजे 4 टक्के, कवचातल्या सरासरीच्या निम्मं. गाळ म्हणजे मातीच, आणि मातीत मातीचेच धातू निघणार.

बेरियम आणि स्ट्रॉन्शियमचंही तेच. दोन्ही खडकांत आणि मातीत थोड्या प्रमाणात सगळीकडे असतात. शिवाय वाहनांच्या ब्रेक लायनिंगमध्ये बेरियमचं खनिज भरतात. फटाक्यांचा हिरवा रंग बेरियमचा, लाल रंग स्ट्रॉन्शियमचा आणि पांढऱ्या ठिणग्या बऱ्याचदा ॲल्युमिनियमच्या. संशयाची तिन्ही नावं एकाच आतषबाजीत सापडतात, आणि त्यासाठी विमानाची गरज नाही.

मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांची गल्लत

एका मिलिग्रॅममध्ये 1,000 मायक्रोग्रॅम. शाळेतलं गणित, पण इथेच पाय घसरतो. 2007 साली अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यातल्या एका टीव्ही बातमीत बेरियम दशलक्षात 6.8 भाग (लिटरला 6.8 मिलिग्रॅम), म्हणजे घातक पातळीच्या तिपटीहून जास्त, असं सांगितलं गेलं. प्रत्यक्ष अहवालात लिटरला 68.8 मायक्रोग्रॅम असा आकडा होता, म्हणजे दशलक्षात 0.0688 भाग. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातली बेरियमची मर्यादा लिटरला 2 मिलिग्रॅम आहे. तिच्यापुढे हा आकडा सुमारे एकोणतीस पट लहान. बातमी मात्र पुढे कित्येक वर्षं फिरत राहिली.

म्हणून अहवाल हातात आला की आधी एकक बघा, आकडा नंतर. दुसरं, आकड्याआधी '<' हे चिन्ह असेल, तर तो धातू मोजण्याइतका सापडलेला नाही. '<5' म्हणजे 5 नव्हे; उपकरण 5 च्या खाली खात्रीने मोजू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हाताला येईल ते भांडं लावणं

पावसाच्या पाण्यात मोजायचे धातू मायक्रोग्रॅमच्या हिशेबात असतात. इतक्या सूक्ष्म मोजणीत भांडंच निकाल ठरवू शकतं. धातूचं पातेलं, रंग दिलेला डबा, साधी काचेची बरणी, यातलं काहीही नको. पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनची बाटली घ्या, तीही प्रयोगशाळेकडूनच. तिथे बाटल्या सौम्य नायट्रिक आम्लाने धुवून, अतिशुद्ध पाण्याने खळबळून देतात. घरी साबणाने घासलेली बाटली दिसायला चकचकीत असते, पण या कामाला ती स्वच्छ नव्हे.

छपराचं किंवा पन्हळीचं पाणी तर अजिबात नको. पाऊस मुळातच किंचित आम्लधर्मी असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे अगदी शुद्ध पावसाचा पीएचसुद्धा 5.6 च्या आसपास असतो. असं पाणी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरून वाहिलं की जस्त उचलतं. झाडाखाली ठेवलेल्या भांड्यात पानांवरची धूळ धुवून येते. जमिनीवर ठेवलं तर मातीचे शिंतोडे उडतात. भांडं मोकळ्यावर, जमिनीपासून दीडेक मीटर उंच ठेवा.

आणि रात्रभर उघडं ठेवून पावसाची वाट बघू नका. थेंब पडायच्या आधीच त्यात तासन् तास कोरडी धूळ बसते आणि तुम्ही पावसाऐवजी हवेतला केर तपासता. पावसाचा अभ्यास करणाऱ्या केंद्रांवर पाऊस सुरू झाला की आपोआप झाकण उघडणारी यंत्रं असतात. आपल्याला हातानेच करायचंय, तर सर सुरू होताना झाकण काढा, थांबली की लावा. पहिल्या सरीचं पाणी वेगळ्या बाटलीत धरलंत तर उत्तम. हवेतली बरीचशी धूळ त्या सरीतच धुवून निघते आणि नंतरच्या पाण्यातला आकडा सहसा उतरतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवा, धूळ स्वतःच बोलेल.

कोरा नमुना न पाठवणं

ही चूक जवळजवळ सगळेच करतात, त्यामुळे व्हायरल झालेल्या अहवालांत कोरा नमुना शोधूनही सापडत नाही. प्रयोगशाळेकडून अतिशुद्ध पाणी घ्या, ते पावसाच्याच जागी तशाच भांड्यात ओता, तितकाच वेळ ठेवा, तशाच बाटलीत भरा आणि तपासायला द्या. या पाण्यातही लिटरला 30 मायक्रोग्रॅम ॲल्युमिनियम निघालं, तर ते तुमच्या भांड्यातून, हातातून किंवा आसपासच्या हवेतून आलंय. मग पावसाच्या नमुन्यातल्या 40 चं काय करायचं, ते तुम्हीच ठरवा. एकाच सरीचे दोन नमुने पाठवणंही शहाणपणाचं. दोघांत फार तफावत आली तर पद्धतीतच कुठेतरी पाणी मुरतंय.

टीडीएस मीटरवर निकाल लावणं

हे मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. कोणता धातू आहे हे त्याला कळत नाही. मातीच्या न विरघळलेल्या कणांतलं ॲल्युमिनियम तर त्याला दिसतही नाही. धातूंसाठी आयसीपी-एमएस चाचणी लागते; ती प्रत्येक धातू वेगळा ओळखून अगदी सूक्ष्म प्रमाणातही मोजते.

ती करताना प्रयोगशाळेला एक प्रश्न आधीच विचारा: विरघळलेलं ॲल्युमिनियम मोजणार की एकूण? विरघळलेलं मोजायचं तर पाणी 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून मग त्यात आम्ल घालतात. न गाळता आम्ल घातलं तर मातीचे कणही थोडेफार विरघळतात आणि आकडा फुगतो. एकाने गाळून मोजलं, दुसऱ्याने न गाळता, आणि मग दोघांच्या आकड्यांची तुलना केली, तर ती मुळातच फसलेली.

फक्त संशयित धातूच मागणं

तीनच धातूंची चाचणी मागितली तर अहवालात तीनच नावं येणार, आणि वाचणाऱ्याला वाटणार की पाण्यात हेच तीन भरलेत. लोह, टायटॅनियम, सिलिकॉन, कॅल्शियमही मागा. खरी मेख गुणोत्तरात आहे. कवचात ॲल्युमिनियम लोहाच्या साधारण दीड ते दोन पट असतं. न गाळलेल्या पाण्यात एकूण धातूंचं गुणोत्तर त्याच्या जवळपास आलं, तर ती माती. ॲल्युमिनियम खूप आणि लोह, टायटॅनियम जवळजवळ शून्य, असं वारंवार आलं तर काहीतरी वेगळं आहे, शोधायला हवं. वातावरणाचे अभ्यासक तर हवेतल्या धुळीत मातीचा वाटा किती हे काढायला बहुधा ॲल्युमिनियमचंच माप वापरतात. दावेवाल्यांचा मुख्य साक्षीदार इथे उलटतो.

पट्टा डोक्यावर, भांडं खाली

विमानामागचे पट्टे साधारण 8 ते 12 किलोमीटर उंचीवर बनतात. एक किलो इंधन जळलं की सव्वा किलोच्या आसपास पाण्याची वाफ निघते आणि उणे 40 अंशांच्या आसपासच्या किंवा त्याहून थंड हवेत तिचं बर्फ होतं. हवा कोरडी असेल तर पट्टा लगेच विरतो, दमट असेल तर तासन् तास टिकतो, पसरतो.

त्यात धातूची पूड असती असं क्षणभर धरू. 10 मायक्रॉन व्यासाचा खनिज कण शांत हवेत सेकंदाला एक सेंटिमीटरही खाली येत नाही. 10 किलोमीटर उतरायला त्याला दोनेक आठवडे लागतील. त्या उंचीवर ताशी 100 किलोमीटरचा वारा नेहमीचाच, म्हणजे एका दिवसात कण 2,400 किलोमीटर लांब. सकाळी पट्टे दिसले आणि संध्याकाळच्या पावसात धातू सापडला, यात पट्ट्यांचा संबंध लावायला जागाच उरत नाही.

पट्ट्यात काय आहे हे बघायचं तर नमुना पट्ट्यातच घ्यावा लागतो, आणि तो घेतलाही जातो. नासाने 2013 आणि 2014 मध्ये आपल्या डीसी-8 विमानाच्या मागे उपकरणं लावलेलं दुसरं विमान उडवून धूर मोजला. पुढे जर्मनीच्या डीएलआर या अंतराळ संशोधन संस्थेबरोबरही अशी उड्डाणं झाली. तिथे मोजायची यादी काजळी, गंधकाची आणि नायट्रोजनची संयुगं, बर्फाचे कण अशी असते. विमानांच्या प्रदूषणावर बोलायचं असेल, तर सुरुवात या यादीपासून करावी.