पेपर नक्की कशाचा आहे? समावेशित वर्गात नव्याने येणाऱ्या शिक्षकांसाठी

जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्याने रुजू झालेले शिक्षक पहिल्या महिन्यातच विचारतात, ‘मॅडम, वर्गात एक दिव्यांग मूल आहे, त्याला वेगळं काय शिकवू?’ डी.एल.एड. या शिक्षक पदविकेला समावेशित शिक्षण, म्हणजे दिव्यांग मुलांना इतरांसोबत एकाच वर्गात शिकवणं, शिकून झालेलं असतं, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातले दिव्यांगत्वाचे २१ प्रकारही पाठ असतात. तरी ते मूल प्रत्यक्ष समोर बसलं की हातपाय गळतात. मी त्यांना एवढंच सांगते की काय शिकवायचं हे ठरवण्याआधी आपण तपासतोय काय, ते ठरवा.

श्रुतलेखनाचंच घ्या. कानाला यंत्र लावणाऱ्या मुलीला आपण वर्गात फिरत फिरत शब्द सांगितले आणि तिचे निम्मे चुकले. यावरून तिला लिहिता येत नाही असं ठरत नाही. तिला नीट ऐकू आलं नाही एवढंच कळतं, आणि ते आपल्याला आधीपासून माहीत होतं. त्याच शब्दांची चित्रं दाखवून नावं लिहायला सांगा, म्हणजे तिचं लेखन कुठवर आलंय ते दिसेल. फळ्यावरून उतरवून घेणं ही अंधुक दिसणाऱ्या मुलाच्या डोळ्यांचीच परीक्षा असते. वाचताना अडखळणाऱ्या मुलाला शाब्दिक उदाहरण दिलं, तर गणिताच्या आधी त्याचा मराठीचा पेपर होतो आणि बहुतेक वेळा तो तिथेच संपतो. उदाहरण मोठ्याने वाचून दाखवा आणि मग बघा, बेरीज करायची की वजाबाकी हे तो चटकन सांगतो का.

माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाच्या परिसर अभ्यासाच्या उत्तरपत्रिकेत प्रत्येक प्रश्नापुढे दोन-तीन तुटके शब्द असायचे. त्याला जवळ बसवून विचारलं, ‘तुमच्या शेतात पाणी कुठून येतं रे?’ विहीर, मोटार, पाइप, ठिबकच्या नळ्या, नळीचं तोंड गाळाने बुजलं की काय करायचं, दिवसा लाइट नसते म्हणून बाबा रात्री का जातात, सगळं त्याने सांगितलं. पाठ्यपुस्तकात होतं त्याहून जास्तच. ते सगळं मी त्याच्या तोंडी कामाच्या नोंदीत लिहिलं आणि त्याप्रमाणे गुण दिले. यात मेहेरबानी कसली? परिसर अभ्यास त्याला येत होता. येत नव्हतं ते लेखन, आणि त्याची नोंद भाषेच्या रकान्यात झाली.

असं करायला परवानगी लागते का, ही नव्या शिक्षकांची मोठी धास्ती. २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तो निर्णय नीट वाचा. आकारिक, म्हणजे वर्षभर शिकता शिकता होणाऱ्या, मूल्यमापनाला त्या निर्णयाने पहिली-दुसरीत ७० टक्के भार दिला, तिसरी-चौथीत ६०, पाचवी-सहावीत ५० आणि सातवी-आठवीत ४०. उरलेला भार संकलितचा, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचा. आकारिकची साधनं म्हणजे दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय. यांतली कितीतरी साधनं अशी आहेत की मुलाला पानभर लिहावंच लागत नाही. वाट आधीपासून मोकळी आहे. आपणच सवयीने चाचणीला चिकटून बसतो आणि बाकीचे रकाने वर्षअखेरीला अंदाजाने भरतो. विशेष गरजा असणाऱ्या मुलाचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, कारण त्याची ताकद नेमकी त्याच रकान्यांत असते.

म्हणून नोंदीवर जीव लावा. ‘वाचनात मागे आहे’ या वाक्याचा कुणालाच उपयोग नाही, ना तुम्हाला, ना पालकांना, ना गटसाधन केंद्रातून येणाऱ्या विशेष शिक्षकांना. त्याऐवजी असं लिहा: ‘काना असलेले दोन-तीन अक्षरी शब्द वाचतो. पहिली वेलांटी आली की थांबतो, पिन ऐवजी पनि वाचतो. जोडाक्षर सोडून पुढे जातो. ऐकलेल्या गोष्टीवरच्या प्रश्नांची उत्तरं बरोबर देतो.’ एवढ्या चार ओळींत पुढच्या दोन आठवड्यांचं काम दिसतं. तीस-चाळीस मुलांच्या वर्गात, त्यातही द्विशिक्षकी शाळेत, रोज सगळ्यांच्या नोंदी होणार नाहीत. दिवसाला दोन मुलं ठरवून घ्या आणि त्या दिवशी त्यांच्याकडेच बारीक लक्ष द्या.

मराठी वाचताना मुलं कुठे अडतात, तेही माहीत हवं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चारायची मात्र नंतर. भ-म, घ-ध, थ-य, प-ष या जोड्या दिसायला जवळच्या. रफार वर चढतो, पण वाचायचा आधी. बहुतेक मुलं दुसरीपर्यंत यातून पार होतात. चांगला सराव देऊनही तिसरी-चौथीत एखादं मूल तिथेच घुटमळत असेल, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन किंवा गणितात अडण्याची, शक्यता मनात धरा. आकड्यांचंही तसंच. ‘छत्तीस’ म्हणताना सहा आधी येतात, तीस नंतर. मूल ऐकलं तसं लिहितं आणि वहीत ६३ उमटतात. ‘एकोणसाठ’मध्ये तर साठ ऐकू येतात आणि लिहायचे ५९. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनपद्धत दिली, तेव्हा राज्यभर वाद झाला. गोंधळणाऱ्या मुलाला मी आजही ‘तीस आणि सहा, छत्तीस’ असं दोन्ही एकत्र म्हणायला लावते, हातात तीन दशक-दांड्या आणि सहा सुटे देऊन. हळूहळू पहिला भाग गळून पडतो.

शंका आली की थेट निदानावर उडी मारू नका. आधी डोळे आणि कान. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांच्यासमोर ते मूल नक्की उभं करा. त्या दिवशी ते गैरहजर असेल तर पुढची तारीख विचारून घ्या. कित्येकदा चष्म्याने किंवा कानाच्या उपचाराने निम्मा प्रश्न सुटतो. त्यानंतर एन.सी.ई.आर.टी.चं ‘प्रशस्त’ ॲप. त्याचा पहिला भाग वर्गशिक्षकाने भरायचा असतो. ती फक्त चाळणी आहे. प्रमाणपत्र देणं रुग्णालयाचं काम, आपलं नाही.

एक गोष्ट मला फार कळकळीने सांगायची आहे. मेळघाटात कोरकू बोलणारं किंवा नंदुरबारकडे पावरी बोलणारं मूल पहिलीत गप्प बसतं, पुस्तक उघडून नुसतं बघत राहतं. ऊसतोडीला गेलेल्या घरातलं मूल चार-सहा महिन्यांनी परत येतं आणि सगळं विसरलेलं दिसतं. ही अक्षमता नव्हे. त्याच्या घरच्या भाषेत त्याच वयाचं दुसरं मूल मध्ये घेऊन प्रश्न विचारा, मग बोला. आपल्या घाईने लागलेला शिक्का पुढे वर्षानुवर्षं कागदोपत्री चालत राहतो.

आतापर्यंत जे सांगितलं त्यात रस्ता बदलला, मुक्काम तोच राहिला. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या बाबतीत कधी कधी मुक्कामही बदलावा लागतो. या दोन गोष्टी कागदावर वेगळ्या ठेवा, नाहीतर दोन्हीकडून अन्याय होतो. अंध मुलीला भूमितीचं उद्दिष्ट तेच ठेवून उठावाच्या आकृत्या द्यायच्या. पण चौथीतल्या ज्या मुलाला वीसपर्यंतच्या वस्तू मोजताना कष्ट पडतात, त्याच्यासाठी गुणाकाराच्या जागी दहा-वीसच्या नोटा ओळखणं, दुकानातून दोन वस्तू आणून उरलेले पैसे मोजणं हे उद्दिष्ट असू शकतं. ते विशेष शिक्षक आणि पालक यांच्यासोबत बसून वैयक्तिक आराखड्यात लिहा आणि मूल्यमापन त्याच्यावरच करा. जूनमध्ये कुठे होता आणि दिवाळीत कुठे आहे, ही त्याची तुलना. नुसत्या दयेपोटी कोऱ्या पेपरावर पासाचे गुण दिले, तर तो काय शिकला हे कुणालाच कळत नाही.

वर्गात रोज करायच्या गोष्टी तशा साध्या आहेत. ऐकू कमी येणाऱ्या मुलाला पुढे बसवा, पण उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडेल असं उभे राहा, खिडकीकडे पाठ करून नको. फळ्यावर लिहिता लिहिता बोलू नका. ‘समजलं का?’ हा प्रश्न सोडून द्या, ते मूल नेहमी मान डोलावतं. त्यापेक्षा ‘करून दाखव’ म्हणा. चंचल मुलाचा पेपर दोन तुकड्यांत द्या, मध्ये पाणी पिऊन येऊ द्या. स्वमग्न मुलाला परीक्षेच्या दिवशी बदललेली बैठक सोसत नाही, त्याची रोजची जागा तशीच ठेवा आणि आज काय काय होणार हे सकाळीच चित्रांच्या पट्टीवर दाखवा. लिहायला जड जातं अशा मुलाला दहा गणितांऐवजी चार द्या, पण सोपी करून देऊ नका.

‘त्यालाच जास्त वेळ का?’ असं बाकीची मुलं विचारतात, आणि त्यांनी विचारलेलं बरंच. शक्य तिथे मी सवलत सगळ्यांना खुली ठेवते: ज्याला प्रश्न वाचून हवा त्याने हात वर करावा. हुशार मुलंही पहिले काही दिवस हात वर करतात, मग आपणहून थांबतात. ज्याला खरंच गरज आहे त्याचा हात वरच राहतो, आणि तोवर ते कुणाला खटकेनासं झालेलं असतं.

पालकांशी बोलणं सगळ्यात नाजूक. प्रमाणपत्राचा विषय निघाला की आई म्हणते, ‘बाई, पोराच्या कपाळी शिक्का नको. उद्या लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील?’ ही भीती खोटी नाही, तिला उडवून लावू नका. मी आधी त्याला येणाऱ्या गोष्टी सांगते, त्याची वही समोर ठेवते, आणि मग म्हणते, ‘ताई, हा कागद त्याला दहावीला उपयोगी पडणार आहे. नको वाटला तर कपाटात ठेवा, पण काढून ठेवा.’ वडील किंवा आजी घरात निर्णय घेत असतील तर त्यांनाही बोलवा, नाहीतर आईची एकटीची ओढाताण होते.

कागद दहावीला लागतो तो असा. राज्य मंडळाच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा वेळ, गरजेप्रमाणे लेखनिक, अध्ययन अक्षमता असेल तर गणिताला कॅल्क्युलेटर अशा सवलती मिळतात, पण प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे वेळेत जावा लागतो. अध्ययन अक्षमतेच्या सवलती महाराष्ट्रात १९९६पासून आहेत, तरी गावाकडच्या अनेक पालकांना त्या ऐनवेळी कळतात. तपासणीच्या तारखा लांबतात, म्हणून आठवीतच हालचाल सुरू करा. लेखनिक लागणार असेल तर नववीच्या चाचण्यांपासून त्याच्यासोबत सराव द्या. उत्तर तोंडी सांगून दुसऱ्याकडून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे, ते परीक्षेच्या हॉलमध्ये पहिल्यांदा शिकता येत नाही.

तुम्ही प्राथमिकला असाल तर दहावी दूर वाटेल, पण चौथी किंवा सातवी संपून मूल दुसऱ्या शाळेत जातं तेव्हा सगळं पुन्हा शून्यापासून सुरू होण्याचा धोका असतो. प्रगतिपत्रकात श्रेणी जाते, बाकी काही जात नाही. त्यासाठी एक पान वेगळं लिहून द्या: वर्गात कुठे बसतो, प्रश्न वाचून दाखवावा लागतो का, अक्षराचा आकार केवढा लागतो, यंत्राचे सेल कोण बदलतं, कशाने बिथरतो, कशाने शांत होतो, कुठल्या विषयात तोंडी उत्तरं उत्तम देतो, सध्या कुठल्या टप्प्यावर आहे. त्याच्या चांगल्या कामाचे एक-दोन नमुने जोडा. एक प्रत नव्या वर्गशिक्षकांच्या हातात द्या आणि एक पालकांकडे, म्हणजे शाळेतली फाइल गहाळ झाली तरी घरची राहील.