मार्क कमी असले तर 'कामाचं पान' सोबत ठेवा

बी.कॉम.ला ५४ टक्के, सीईटीतही पर्सेंटाइल जेमतेम, आणि एमबीएच्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न: मार्क एवढे कमी का? पदवीला पन्नास टक्क्यांची अट (राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४५) पार असेल, तर एवढं करा.

१. घरचं किंवा दुकानाचं जे काम खरंच केलंय, ते एका पानावर आकड्यांत मांडा. माझ्या मावसभावाने लातूरच्या अडतीवरची दोन हंगामांची वही काढली. 'काकांना मदत केली' हे खोडून त्याने लिहिलं, 'तुरीच्या ४० शेतकऱ्यांची उधारी वहीतून एक्सेलमध्ये आणली, थकलेली खाती वेगळी काढली.' मुलाखतीत निम्मा वेळ त्या उधारीवरच गेला, मार्क बाजूलाच राहिले.

२. कमी मार्कांचं कारण दोन ओळींत. रडगाणं नको. दुष्काळ सगळ्यांच्याच घरी होता.

३. कॅपच्या (सीईटीवरून होणाऱ्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांच्या) जुन्या कटऑफ याद्या बघूनच कॉलेजांचा क्रम लावा.

पण सांभाळून: पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं, की जागा आपोआप फ्रीज (म्हणजे पक्की) होते, पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून 'असू दे' म्हणून कुठलंही नाव वर टाकू नका.