तोंडातली न भरणारी जखम: या चुका टाळा

‘तोंड आलंय’ म्हटलं की घरोघरी उपाय ठरलेला असतो: मेडिकलमधून एक जेल आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या. नेहमीच्या तोंड येण्याला तेवढं पुरतंही. ते फोड गोल असतात, झोंबतात, जागा बदलतात आणि साधारण ७ ते १४ दिवसांत भरतात. गडबड होते ती जखम एकाच जागी राहते तेव्हा. जेल संपतं, दुसरं येतं. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड किंवा भूल देणारं औषध असतं. त्यामुळे झोंबणं कमी होतं, जखम तशीच राहते आणि दोन महिने सहज निघून जातात. नियम सोपा ठेवा: दोन आठवड्यांत न भरलेली जखम दाताच्या डॉक्टरांना दाखवायची. तिसरं जेल आणायचं नाही.

‘दुखत नाही, म्हणजे काही नाही’ हा सर्वांत महागात पडणारा समज आहे. न भरणारी जखम तोंडाचा कर्करोग असू शकते, आणि सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखत नाही. बोटाने चाचपल्यावर कडा कडक लागणं, स्पर्शाने रक्त येणं, खाली गाठ जाणवणं या खुणा दुखण्यापेक्षा महत्त्वाच्या आहेत.

फक्त फोड शोधणं

आरशात पाहताना लोक ओठ आणि जिभेचा शेंडा बघतात. आपल्याकडचा रोग मात्र जास्त करून तिथे दिसतो, जिथे चुना-तंबाखूची गोळी धरतात: खालचा गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीत. ओठ आणि गाल बोटाने ओढून तो भाग पाहा. मग जीभ कापडाने धरून तिच्या दोन्ही कडा आणि शेवटी जिभेखालचा भाग. घासून न निघणारा पांढरा चट्टा दाखवायलाच हवा. मखमलीसारखा लाल चट्टा त्याहून धोक्याचा, आणि तो दिसायला इतका साधा असतो की नजरेतून सुटतो. मशेरी लावणाऱ्या बायकांनीही हे पाहायचं आहे. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, मंजन नव्हे.

दुसरी खूण तोंड उघडण्याची. तर्जनी, मधलं आणि अनामिका ही तीन बोटं एकावर एक, उभी, पुढच्या दातांमध्ये जायला हवीत. दोनच जात असतील आणि तिखट सहन होत नसेल, तर गालाच्या आत कडक तंतू तयार व्हायला सुरुवात झालेली असू शकते. याचं कारण सुपारी. ‘तंबाखू नाही, नुसती सुगंधी सुपारी खातो’ हा बचाव इथे चालत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे.

दाढ हलते, काढून टाका

ही चूक दवाखान्यातली. आजूबाजूच्या हिरड्या ठीक असताना एकच दाढ हलत असेल, खालचा ओठ बधिर वाटत असेल किंवा दाढेशेजारी मांसल वाढ असेल, तर आधी एक्स-रे आणि तुकड्याची तपासणी, म्हणजे बायोप्सी. दाढ काढून चालणार नाही. तसं काढल्यावर खळगा भरत नाही, गाठ त्यातून वर येते आणि निदान मागे पडतं.

धारदार दाताने जीभ कापली जात असेल तर धार घासून दोन आठवड्यांनी परत बोलवा, आणि ती तारीख कार्डावर लिहून द्या. ‘बरं वाटलं नाही तर या’ म्हटलं की रुग्ण येत नाही.

बायोप्सीची भीती, आणि बायोप्सीतल्या चुका

‘सुई लावली की पसरतो’ हे खरं नाही. रोग पसरतो तो वाट पाहिल्याने. तुकडा घेण्याच्या पद्धतीत मात्र नेमकेपणा लागतो. जखमेच्या मधोमध मेलेली ऊतक असते, तिथून काही कळत नाही. तुकडा कडेवरून घ्यावा आणि तो पुरेसा खोल असावा. वरवर खरवडलं तर अहवाल ‘निश्चित सांगता येत नाही’ असा येतो. दातांच्या खुर्चीत अख्खी गाठ काढून टाकू नये, कारण नंतरच्या सर्जनला मूळ सीमा सापडत नाही. तुकडा घेण्याआधी जखमेचा फोटो काढावा. तुकडा त्याच्या किमान दहापट १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाकावा, स्पिरिट किंवा सलाईनमध्ये नव्हे. अहवाल निर्दोष आला पण जखम डोळ्यांना संशयास्पद वाटत असेल, तर पुन्हा तुकडा घ्यावा.

मान नंतर बघू

तोंडातली गाठ लहान असली तरी, रोग जिथे पसरतो त्या मानेतल्या ग्रंथी त्याच ऑपरेशनमध्ये काढायच्या की मानेत गाठ दिसल्यावर, हा जुना वाद मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या अभ्यासाने २०१५ मध्ये बराचसा मिटवला. आधीच काढल्या त्यांच्यात तीन वर्षांनी ८० टक्के लोक जिवंत होते, वाट पाहिलेल्यांत ६७.५ टक्के. ‘एवढं मोठं ऑपरेशन कशाला’ असं घरचे म्हणतात, तेव्हा हे आकडे त्यांच्यापुढे ठेवावेत.

नवं औषध आलंय, ऑपरेशन थांबवू

इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध लढायला लावणारं औषध, खरी आहे, पण ती ऑपरेशनची जागा घेत नाही. अमेरिकेत जून २०२५ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब या अशा औषधाला मंजुरी मिळाली ती ऑपरेशनच्या आधी आणि नंतर द्यायला, तीही गाठीत पीडी-एल१ नावाचं प्रथिन सापडलेल्यांसाठी. आपल्या खिशाच्या जवळचा अभ्यास टाटा मेमोरियलचाच. बरा होण्याच्या टप्प्यापलीकडे गेलेल्या रुग्णांना तोंडाने घ्यायच्या तीन स्वस्त औषधांसोबत निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध फक्त २० मिलिग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा दिलं. नेहमीची मात्रा २४० मिलिग्रॅम असते. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १६ वरून ४३ टक्क्यांवर गेलं. म्हणून नवं औषध आहे का, हे कर्करोगतज्ज्ञांना जरूर विचारा, पण ठरलेली ऑपरेशनची तारीख त्यासाठी पुढे ढकलू नका.

किरणोपचारानंतर दात काढणं

दाताच्या डॉक्टरांचं सर्वांत मोठं काम इथे आहे, आणि नेमकं इथेच त्यांना उशिरा बोलावलं जातं. किरणोपचार साधारण सहा ते साडेसहा आठवडे, ६० ते ६६ ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक). खालच्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा त्यानंतर कायमचा कमी होतो. मग दात काढला की खळगा भरत नाही, हाड उघडं पडतं, सडतं. म्हणून न वाचणारे दात किरणोपचाराच्या किमान दोन आठवडे आधी काढून घ्यावेत. पण ऑपरेशननंतर किरणोपचार सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवेत. तेव्हा दातांची तपासणी ऑपरेशनच्या आधीच झालेली बरी.

उपचार चालू असताना अल्कोहोल असलेलं माउथवॉश बंद. १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात १ चहाचा चमचा मीठ आणि १ चमचा खायचा सोडा, दर दोन-तीन तासांनी खुळखुळवा. लाळ आटते, दात हिरडीलगत झपाट्याने किडतात, त्यासाठी ५००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट रात्री लावा, थुंका, पण चूळ भरू नका. तोंड उघडण्याचा व्यायाम आइस्क्रीमच्या काड्यांनी करा: दातांमध्ये मावतील तेवढ्या काड्यांची थप्पी धरा, जमेल तशी दर काही दिवसांनी एक काडी वाढवा. काड्या कमी होऊ लागल्या तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा. आणि पाच वर्षांनी गावातल्या नव्या दवाखान्यात दाढ काढायला गेलात, तरी तोंडाला किरणोपचार झाल्याचं आधी सांगा, कागदपत्रांसह.