झोपेची गोळी घेण्याआधी बायकांनी स्ट्रिपवर काय बघावं

झोपेसाठी झोलपिडेम लिहून दिलं असेल तर आधी आकडा बघा. बाईसाठी सुरुवात ५ मिलिग्रॅमने करतात. नावापुढे ‘सीआर’ असेल, म्हणजे सावकाश विरघळणारी गोळी असेल, तर ६.२५ ने. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली बायकांचा डोस असा निम्म्यावर आणला. औषधाला मंजुरी दिली होती १९९२ मध्ये. एवढं कळायला वीस वर्षं गेली!

बाईच्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडतं. तेवढ्याच गोळीने तिच्या रक्तातलं प्रमाण पुरुषापेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त चढतं. रात्री अकराला १० ची गोळी घेऊन सकाळी सातला स्कूटर काढली, तर डोळे उघडे असतात, पण हात ब्रेकवर उशिरा जाऊ शकतो. आणि आपण अजून गुंगीत आहोत हे तिचं तिलाच कळेल असं नाही.

दुकानात ५ ची नसली की १० ची देऊन ‘अर्धी करून घ्या’ म्हणतात. साध्या गोळीवर मधोमध रेघ असेल तर चालेल. सीआर तोडायची नाही. तोडली की औषध एकदम सुटतं. जेवल्या जेवल्या घेतली तर उशिरा चढते, मग ‘लागलीच नाही’ म्हणून दोन वाजता दुसरी घेतली जाते. ती घेऊ नका. अंथरुणावर बसूनच गोळी घ्यायची आणि पुढचे सात-आठ तास झोपेला मोकळे ठेवायचे. त्या रात्री दारू नाही, सर्दीची गुंगी आणणारी गोळीही नाही. बरेच दिवस १० घेत असाल तर मनाने बंद करू नका. डॉक्टर टप्प्याटप्प्याने उतरवतात.

झोपेच्या गोळीशिवाय इतर औषधांतही बायकांनी जपायला हवं. गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना आपणहून सांगा. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन, ज्याने लघवी नारिंगी होते, ते गर्भनिरोधक गोळीचा असर घालवतं. उपचार चालू असेतो आणि नंतरचे चार आठवडे तिच्यावर विसंबू नका. तांबी चालते.

बायकांच्या हृदयाला प्रत्येक ठोक्यानंतर सावरायला पुरुषांपेक्षा जरा जास्त वेळ लागतो. ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणि डोम्पेरिडोन, ऑन्डान्सेट्रॉन ही उलटी थांबवणारी औषधं तो वेळ आणखी लांबवू शकतात. जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम घटलेलं असतं, आणि नेमकी तेव्हाच यातली दोन एका चिठ्ठीवर येतात. दिसली तर विचारा, दोन्ही लागतीलच का? गोळ्या सुरू झाल्यावर छातीत धडधडून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पुढची गोळी न घेता लगेच दवाखाना गाठा आणि ईसीजी काढून घ्या.