शोपँ गळ्यातून ऐकायचाय? जुन्या पोलिश रेकॉर्ड्स शोधायच्या आणि ऐकायच्या कशा

शोपँ हा पोलिश संगीतकार आणि पियानिस्ट, तो शिष्यांना सांगायचा की चांगले गायक ऐका, पियानो वाजवायचा असेल तर गायला शिका. त्यामुळे त्याचं पियानोचं म्युझिक माणसाच्या आवाजात ऐकणं मला तरी अजिबात भलतंच काही वाटत नाही, उलट त्या सुरांमध्ये श्वास कुठे दडलाय ते असंच कळतं.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सर्च केल्यावर सगळं एकत्रच येतं. शोपँने स्वतः लिहिलेली पोलिश गाणी वेगळी. अशी 19 उरलीयेत, त्यातली 17 त्याच्या मृत्यूनंतर मित्र युलियान फोंताना याच्यामुळे ओपस 74 (ओपस म्हणजे छापलेल्या रचनेचा नंबर) म्हणून छापली गेली. शब्द वित्वित्स्की, मित्सकिएविच वगैरे कवींचे आणि पियानो फक्त साथीला. ही हवी असतील तर सोप्रानो (उंच स्त्री-आवाज) स्टेफानिया वोय्तोविच आणि टेनर (उंच पुरुष-आवाज) आंद्झेय बाख्लेदा यांची मुझा या पोलिश रेकॉर्ड लेबलवरची रेकॉर्डिंग्ज शोधा, पियानोवर वांदा क्लिमोविच आहेत, माझ्या मते सुरुवात इथूनच करावी. दुसरा प्रकार म्हणजे पियानोच्या रचनेवर नंतर शब्द बसवलेले. हे शोपँ जिवंत असतानाच सुरू झालं होतं, पॉलीन व्हियार्दो ही मोठी गायिका, तिने त्याच्या माझुर्का (तीन ठोक्यांच्या पोलिश नाचावरच्या रचना) गाण्यासाठी बसवल्या आणि 1848 मध्ये लंडनला त्याच्याच मैफलीत गायल्या, म्हणून रेकॉर्डवर शोपँ-व्हियार्दो अशी दोन नावं दिसली तर गोंधळू नका. आणि तिसरा, माझा सगळ्यात लाडका, बिनशब्दांचा: नोव्ही सिंगर्स. वॉर्सातला जॅझ व्होकल ग्रुप, एवा वानात, बर्नार्ड काफ्का, यानुश मिख आणि वाल्डेमार पाझिन्स्की. 1971 ची त्यांची 'नोव्ही सिंग शोपँ' ही मुझाची एलपी (लाँग-प्ले रेकॉर्ड) म्हणजे चार गळ्यांचं वाद्य. स्विंगल सिंगर्स या व्होकल ग्रुपने बाखला असं गायलं होतं ते ऐकलं असेल, पण बाखमध्ये ताल सरळ चालतो आणि शोपँमध्ये तो ताणला-सोडला जातो, म्हणून हे काम जास्त अवघड आहे.

शोधताना नाव पोलिश स्पेलिंगने टाका, आणि जुन्या पोलिश छपाईत शोपँचं नाव कधीकधी एस-झेडने सुरू होतं तेही टाकून बघा, नाहीतर बरंच काही हातातून निसटेल. डिस्कॉग्स या रेकॉर्ड्सच्या वेबसाइटवर आणि इंटरनेट आर्काइव्हवर दोन्हीकडे शोधा. 'ट्रिस्टेस' नाव दिसलं तर ते बहुतेक ओपस 10 मधलं तिसरं एत्यूद (सरावाची रचना) असतं, हे टोपणनाव शोपँने दिलेलं नाही, पण गायलेली व्हर्जन्स याच नावाखाली सापडतात. मुझाच्या एलपीवर नंबरआधी एक्सएल असेल तर मोनो, एसएक्सएल असेल तर स्टीरिओ.

1939 च्या आधीच्या, म्हणजे वॉर्सातल्या सिरेना कंपनीसारख्या रेकॉर्ड्स 78 च्या स्पीडच्या (मिनिटाला 78 फेरे) असतात. त्या एलपीच्या सुईने वाजवू नका!! त्यांची खाच खूप रुंद असते, साधारण 75 मायक्रॉनची सुई लागते, एलपीची असते 18 ते 25, ती तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. टर्नटेबलला 78 चा स्पीड आहे का तेही बघा, बऱ्याच नव्या मशीनला नसतो. आणि या रेकॉर्ड्स शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या असतात, अल्कोहोलवाला क्लीनर लावला की शेलॅक विरघळतो, म्हणून डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड, लेबल ओलं न करता. पोलंडहून मागवताना शिपिंग आणि कस्टम्स धरून हिशोब करा, शेलॅक असेल तर विक्रेत्याला पॅकिंग कसं करणार ते आधीच विचारा कारण ती काचेसारखी फुटते. नुसतं ऐकायचंय तर डिजिटल कॉपी पुरते.

आता ऐकायचं कसं. आधी पियानो, मग आवाज, मग परत पियानो, हा क्रम मोडू नका. सरावाला ई मायनर प्रेल्यूड (छोटी स्वतंत्र रचना) घ्या, ओपस 28 मधलं चौथं, जेमतेम 25 बार (तालाचे खंड), शोपँच्या अंत्यविधीला पॅरिसमध्ये ऑर्गनवर वाजवलेलं. उजवा हात बी आणि सी या दोन शेजारच्या सुरांवर हेलकावत राहतो आणि खाली डाव्या हाताचे कॉर्ड्स अर्ध्या-अर्ध्या सुराने उतरत जातात. पियानोवर तो लांब बी वाजल्या क्षणापासून विरत जातो, तो वाढवणं पियानोवाल्याच्या हातात नसतं. तोच सूर स्वतः गुणगुणून बघा, लगेच कळेल की गळा त्याला मध्येच फुगवू शकतो, आणि श्वास कुठे घ्यायचा हे ठरवावंच लागतं. मग चांगल्या पियानिस्टचं रेकॉर्डिंग परत लावा आणि त्याने तो श्वास कुठे घेतलाय ते शोधा, मला यात खरंच खूप आनंद मिळतो.

ग्रुपचं गाणं ऐकताना मात्र वरच्या आवाजाच्या मागे धावू नका, मधले दोन आवाज पकडा. पियानोवर ते बोटांच्या गर्दीत हरवतात, इथे प्रत्येकाला स्वतंत्र माणूस आहे. आणि माझुर्का असेल तर एक-दोन-तीन मोजत ऐका. शोपँ स्वतः माझुर्का वाजवताना एक ठोका इतका लांबवायचा की ऑपेरा लिहिणाऱ्या मायरबेअरने ही तर दोन ठोक्यांची आहे म्हणून वाद घातला आणि शोपँ भयंकर चिडला. एकटा पियानिस्ट मनाला येईल तसं लांबवू शकतो, पण तिघा-चौघांना तो ठोका एकाच क्षणी सोडावा लागतो, तेव्हा ते नक्की कुठल्या ठोक्यावर थांबतात, दुसऱ्या की तिसऱ्या, ते पेन्सिलने नोटेशनवर खूण करत ऐका.